केलरमधला बँजो

सुधाकाकांच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या खोलीत, दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक लाकडाचा भुसा आणि दुसरे किस्से. भुसा निदान शनिवारी उटेकाकू व्हॅक्यूमने ओढून घेतात. किस्से मात्र वॉशिंग मशीनच्या मागे नि सायकलींच्या खाली साचत राहतात, आणि आमच्यापैकी दोघं जिन्यात भेटले की वर येतात. परवा पुण्याची मैत्रीण फोनवर म्हणाली, "अगं, ते तुझे बँजोवाले काका खरे आहेत की तू रचतेस?" म्हटलं, बाई गं, एवढं रचता आलं असतं तर मी एक्सेलच्या शीट भरत आयुष्य काढलं असतं का?

आधी माणसं सांगून टाकते, म्हणजे घोळ नको. आमची बिल्डिंग बॉनमध्ये, ऱ्हाइनच्या पलीकडच्या बाजूला. सहा फ्लॅट, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर मी. दुसऱ्यावर सुधाकर कुंटे, म्हणजे काका. मूळचे मिरजेचे, चाळीस वर्षं जर्मनीत, सगळी नोकरी मशीनचे पार्ट मोजण्यात गेली, आता रिटायर. त्यांच्या पत्नी उटेकाकू, इथल्याच. तळमजल्यावर फ्राउ ल्युडर्स, एकट्या. त्याही रिटायर. त्यांनी जन्मभर कोर्टात बसून कोण काय बोललं ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. आणि त्यांच्या बैठकीच्या खोलीच्या बरोब्बर खाली, तळघरात, काकांचं केलर. तिथे काका बँजो बनवतात.

बँजो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर विसर्जनाची मिरवणूक आली असेल तर ती जरा बाजूला ठेवा, पुढे येणारच आहे. हा बँजो अमेरिकेतल्या डोंगराळ भागातला. गोल लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं, लांब दांडी, पाच तारा. पाठ सताड उघडी, त्यामुळे आवाज जरा मऊ, घरगुती येतो. वाजवायची तऱ्हाही न्यारी. तार वर ओढायची नाही, नखाच्या पाठीने खाली मारायची, आणि अंगठ्याने पाचवी आखूड तार मधूनमधून छेडत राहायची. "पाचवी म्हणजे आपली सतारीची चिकारीच गं," काका म्हणतात. तरुणपणी ऑफिसच्या कामाने अमेरिकेला गेले होते, तिथे कुणाच्या तरी अंगणात हे ऐकलं आणि डोक्यात बसलं ते बसलंच.

या सगळ्यात आम्हाला धाक एकाच गोष्टीचा. फ्राउ ल्युडर्सची निळी वही! इथे शेजाऱ्याचा आवाज खटकला तर भांडायचं नसतं, लिहायचं असतं. वार, वेळ, किती मिनिटं, कसला आवाज. त्याला लेर्मप्रोटोकोल म्हणतात. तो घेऊन कुणी हाउसफेरवाल्टुंगकडे, म्हणजे बिल्डिंगचा कारभार बघणाऱ्या कंपनीकडे, गेलं की भल्याभल्यांचे ड्रमसेट विकले जातात. काकांनी तारेला नख लावलं की वर फ्राउ ल्युडर्सची खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. "बसल्या लिहायला," काका कुजबुजायचे.

* * *

मी इथे राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात काकूंनी जेवायला बोलावलं. दारातच कळलं की आपली वेळ चुकली. आतून आवाज, "अहो मेल्या, माझं काचेचं भांडं कुठाय?"

उटेकाकूंचं मराठी ही वेगळीच चीज आहे. लग्नानंतर वर्षभर त्या मिरजेला सासूबाईंपाशी राहिल्या आणि कानावर पडलं ते जसंच्या तसं उचललं. सासूबाईंनी शिकवलं, नवऱ्याला 'अहो' म्हणायचं. आणि सासूबाई स्वतः मुलाला 'मेल्या' म्हणायच्या. काकूंनी दोन्ही ठेवलं.

काका बाथरूममधून भांडं घेऊन आले. भांड्यात पाणी आणि पाण्यात बकऱ्याचं कातडं. कड्यावर ताणायच्या आधी ते भिजवून मऊ करावं लागतं, आणि काकांच्या मते त्या कामाला काचेच्या भांड्यासारखं दुसरं भांडं नाही, कारण चारी बाजूंनी दिसतं.

"मी कोशिंबीर कशात करू?" काकूंनी विचारलं.

"बादलीत कर की."

काकू माझ्याकडे वळल्या. "बघ अनघा. बकरी सॅलडच्या भांड्यात आणि पाव्हणी बादलीत!"

त्या दिवशी आम्ही काकडी नुसतीच मीठ लावून खाल्ली. नवं भांडं दुसऱ्याच दिवशी आलं. त्यावर काकूंनी मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, 'फक्त मेलेली भाजी'.

* * *

काकांचा पहिला विकलेला बँजो ड्युसेलडॉर्फच्या एका डेंटिस्टने घेतला, हेर ब्रांट. फार शिस्तीचा माणूस. ऑर्डर देताना त्याने लाकडाचा रंगही दातांच्या शेडकार्डावर दाखवला होता.

आता मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव. काकांचं लहानपण त्या दुकानांच्या पायऱ्यांवर गेलेलं. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून घासून असा करतात की तार तिला जेमतेम टेकते आणि सूर झणझणत राहतो. त्याला जवारी काढणं म्हणतात. काकांनी काय करावं? बँजोच्या घोडीला जवारी काढली! पाच संध्याकाळी घासत बसले होते.

आठवड्याने हेर ब्रांट बँजो घेऊन केलरमध्ये हजर.

"हेर कुंटे, हा गुणगुणतो."

"हो!" काकांचा चेहरा फुलला.

"नाही, तुमच्या लक्षात येत नाहीये. हा गुणगुणतो."

"हो हो! पाच दिवस घासलंय!"

"हेर कुंटे, मी दिवसभर कानाशी ड्रिल घेऊन असतो. मला घरी गुणगुणणं नको आहे."

काका एकदम उतरले. मुकाट्याने साधी, अरुंद माथ्याची घोडी करून बसवली. जवारीची घोडी कागदात गुंडाळून खणात टाकली. मला म्हणाले, "चूक माझीच. माझ्या कानाला जे सरळ वाटतं ते त्याच्या कानाला वाकडं, हे मला आधी सुचायला हवं होतं." बोलले शहाण्यासारखं, पण दोन दिवस जेवले नाहीत धड.

सहा महिन्यांनी फोन. हेर ब्रांट. बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग हळूच, "आल्झो, हेर कुंटे, ती पहिली घोडी टाकून तर नाही ना दिलीत? आता सगळं फार स्वच्छ वाटतं."

काकांनी फोन ठेवला आणि केलरमध्ये चक्क गिरकी घेतली. "डेंटिस्टला स्वच्छ वाटून चालेना! आता बोला!"

* * *

आता एक नाजूक गोष्ट. काका बँजो बनवतात उत्तम. वाजवतात बेताचं.

नवा बँजो तयार झाला की त्यावर एकच धून वाजवून बघतात. तिकडच्या नाचाची जुनी धून, दोन भागांची. पहिला भाग झकास. दुसऱ्या भागात मात्र एका ठिकाणी अंगठा घाई करतो, सूर आधीच येतो आणि गाडी कलंडते. वीस वर्षं तीच धून, वीस वर्षं तीच जागा. उटेकाकू म्हणतात, "तुमचे सगळे बँजो ही चूक शिकूनच घराबाहेर पडतात."

एका गुरुवारी काका धापा टाकत तीन जिने चढून वर आले. मी काकूंकडे चहाला बसले होते. काकांच्या हातात बँजो, चष्मा कपाळावर.

"आलं! दुसरा भाग! अख्खा! न चुकता!"

"वाजवा," काकू म्हणाल्या.

काकांनी वाजवलं. चुकलं. पुन्हा वाजवलं. पुन्हा चुकलं.

"अगं, आत्ता खाली बरोबर आलं होतं. देवाशपथ!"

"साक्षीदार कोण?"

केलरमध्ये वॉशिंग मशीनशिवाय कुणीच नव्हतं.

"मग झालं नाही," काकूंनी निकाल दिला आणि चहा ओतला. त्यानंतर घरात कशावरूनही वाद झाला की काकूंचं ठरलेलं, "गुरुवारसारखंच ना हे?" काका हसण्यावारी न्यायचे, पण त्यांना ते लागायचं. मला दिसायचं ना.

* * *

मीही काकांकडे शिकायला बसते, शनिवारी. ते तबल्याचे बोल देऊन शिकवतात. "धा-तिट, धा-तिट. धा नखाने खाली, तिट अंगठ्याने. वर ओढलंस तर हात तोडीन." हाताला सवय व्हावी म्हणून दिवसभर मांडीवर, टेबलावर, दिसेल तिथे वाजवत राहायचं.

एकदा व्हिडिओ मीटिंगमध्ये बॉसचं प्रेझेंटेशन चालू होतं आणि माझा हात टेबलावर आपोआप चालू होता. माइकही चालू, हे मला ठाऊक नाही. बॉस मध्येच थांबला. "अनघा, तुझ्याकडे बांधकाम चाललंय का?"

"जा, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी, असं मी म्हटलं. दुसरं काय सांगणार!

"कधी संपेल?"

"पहिला भाग झालाय. दुसऱ्यात अडकलंय."

सगळ्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या. जर्मनीत बांधकामाचा दुसरा भाग अडकणं याचं कुणालाच आश्चर्य वाटत नाही.

* * *

दुपारी एक ते तीन आमच्याकडे रुएत्साइट, म्हणजे शांततेची सक्ती. सुई पडली तरी जिन्यात ऐकू येते. काका चार वाजता चहा पिऊन खाली उतरतात आणि चार वाजून चार मिनिटांनी पहिली तार वाजते. वर्षानुवर्षं हा क्रम. एकदा मात्र केलरमधल्या घड्याळाने दगा दिला आणि काकांनी तीनच्या आत सुरुवात केली.

वरून हीटिंगच्या पाइपवर चमच्याचा आवाज. टक, टक, टक!

मी तिथेच होते. म्हटलं, काका, थांबा. काका बोट उचलून ऐकत राहिले. "बाई लयीत आहेत हं," म्हणाले, आणि पेन्सिलने पाइपवर उत्तर दिलं. टक, टक, टक.

वरून चार वेळा आलं. जोरात.

मग मात्र काका घाबरले. संध्याकाळी चकल्यांचा डबा घेऊन माफी मागायला गेले. फ्राउ ल्युडर्सनी दार उघडलं, डबा घेतला, "चौदा वाजून एक्कावन्न मिनिटं," एवढं म्हणाल्या आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी डबा काकांच्या पायपुसण्यावर. धुतलेला, पुसलेला, झाकण वेगळं.

"खाल्ल्या त्यांनी!" काका खूश.

"किंवा टाकल्या," काकू म्हणाल्या.

त्या डब्याकडे काका बराच वेळ बघत होते. मग त्यांनी झाकण उचलून नाकाशी नेलं. कशाचा पत्ता लागणार? साबणाचा वास.

* * *

मग ते पत्र आलं. हाउसफेरवाल्टुंगचे हेर क्लाम, त्यांची सही. केलरमधल्या वाद्याचा आवाज खोलीबाहेर जाणार नाही एवढाच असावा, कृपया. नाव कुणाचं नव्हतं, पण सांगायला कशाला हवं?

उघड्या पाठीच्या बँजोचा एक फायदा आहे. वाजवणारे आवाज कमी करायला पाठीमागून, आतल्या आडव्या दांड्याच्या आणि कातड्याच्या मध्ये, एखादं फडकं कोंबतात. कुणी मोजा, कुणी जुना टीशर्ट. काकांनी सगळं करून पाहिलं. मोजा, पंचा, काकूंचा किचन टॉवेल. दर वेळी मला वर पाठवायचे. मी फ्राउ ल्युडर्सच्या दाराबाहेर कान लावून उभी, फोन कानाला.

"आता?"

"येतंय."

"आता?"

"अजून येतंय, काका."

तेवढ्यात दार उघडलं. फ्राउ ल्युडर्स. मी त्यांच्या पायपुसण्यावर ओणवी.

"तुम्ही इथे काय करताय?"

"मांजर शोधतेय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"या बिल्डिंगमध्ये मांजर नाही. हाउसऑर्डनुंग, परिच्छेद नऊ." त्या माझ्या हातातल्या फोनकडे बघत राहिल्या. फोनमधून काका ओरडत होते, "आता येतंय का गं? आता?" नशीब, मराठीत!

शेवटी लागू पडलं ते दुपटं. काकांच्या मुलीचं, मायाचं. माया आता हाम्बुर्गला असते. ती झाली तेव्हा मिरजेच्या सासूबाईंनी जुन्या सुती साड्यांचे पदर एकावर एक शिवून ते पाठवलं होतं. कपाटात सगळ्यात खाली होतं. काकू किंचाळल्या, "मुडद्या, ते मायाचं दुपटं!" मग स्वतःच त्याची नीट घडी घातली आणि बँजोच्या पोटात सरकवली.

आवाज गेला. म्हणजे होता, पण तोंडावर हात ठेवून बोलल्यासारखा. काकांनी धून अर्ध्यात सोडली. "चालेल," म्हणाले. "कुणाला त्रास देऊन वाजवायचं नाही." मला फार वाईट वाटलं. वीस वर्षं जो माणूस आवाज मोकळा व्हावा म्हणून लाकूड घासत आला, त्याने स्वतःच्या हाताने त्यात बोळा कोंबावा!

* * *

आता ती मिरवणूक. ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळींना कुठून तरी कळलं की बॉनला एक काका बँजो बनवतात. गणपतीच्या आधी सेक्रेटरीचा फोन. काकांचा फोन स्पीकरवर होता.

"काका, तुमच्या पार्टीत किती जण? स्पीकर आमचे की तुमचे?"

"मी एकटाच येतो," काका म्हणाले. "स्पीकर लागत नाही."

"बाप रे!" सेक्रेटरी भारावून म्हणाला.

विसर्जनाच्या दिवशी हॉलच्या आवारात शंभरेक माणसं. ऑटोमोबाइल कंपन्यांतली सगळी तरुण पोरं फेटे बांधून, लेझीम हातात घेऊन तयार. परवानगी काढलेली म्हणून पोलिसांची एक गाडीही कोपऱ्यावर उभी. काकांनी पेटी उघडली, त्यातून तो एवढासा बँजो काढला, घडीच्या खुर्चीवर बसले आणि सुखकर्त्याची चाल सुरू केली.

लेझीमवाले एकमेकांकडे बघायला लागले. सेक्रेटरीचं तोंड पडलं. पण ऐकू यायला हवं म्हणून पुढचे गप्प झाले, मग मागचे गप्प झाले, मग सगळेच खुर्चीभोवती गोळा होऊन उभे राहिले. लेझीम काखेत धरून. एवढं शांत विसर्जन मी जन्मात पाहिलं नाही. कुणाच्या तरी खांद्यावरची चिमुरडी तेवढी "लाउटर! लाउटर!" म्हणजे अजून मोठ्याने, असं ओरडत होती.

संपल्यावर पोलीस आमच्याकडे चालत आला. म्हटलं, झालं! तो काकांना म्हणाला, "दर वर्षी तुमच्या सणाला आम्ही गाडीच्या काचा वर करतो. आज पहिल्यांदाच खाली करून बसलो होतो."

घरी परतल्यावर उटेकाकूंनी बँजो पुसायला उलटा केला. दुपटं आतच!

"अहो, हे काढायचं राहिलं तुमचं?"

काका बघतच राहिले. "मला वाटलं, असाच वाजतो तो," म्हणाले. कुणीच हसलं नाही. काकूसुद्धा.

* * *

आणि मग ते निमंत्रण. बिल्डिंगच्या मालकांची वार्षिक सभा. विषय क्रमांक सात: 'केलरमधला आवाज. अर्जदार: फ्राउ ल्युडर्स.'

त्या दिवसापासून काका चार वाजता खाली जाईनात. चहा प्यायचे आणि खिडकीत बसायचे. तीन आठवडे! एक दिवस मी केलरमध्ये गेले तर रंधे, कानशी सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरलेलं. अर्धवट झालेली एक दांडी तेवढी खिळ्याला टांगलेली, मायासाठी चालली होती ती.

"काका, अजून काहीच ठरलेलं नाही."

"वहीत सगळं लिहिलेलं आहे गं. वेळेसकट." ते खोक्यावर बसले. "मी जन्मभर दुसऱ्यांचे पार्ट मोजले, अनघा. चांगलं काम केलं, तक्रार नाही. पण माझं स्वतःचं म्हणावं असं या देशात हे एवढंच आहे. हे तळघर. हे गेलं तर मी वर खिडकीत बसून काय करू?"

मी खोक्यावर टेप लावायला मदत केली, बस.

सभा कोपऱ्यावरच्या गास्टहाउसच्या मागच्या खोलीत. उटेकाकूंनी सगळ्यांसाठी शंकरपाळे आणलेले, काकांनी माफीचं भाषण कागदावर लिहून आणलेलं. पन्हाळीच्या दुरुस्तीवर सव्वा तास गेला. सायकलींवर चाळीस मिनिटं.

"विषय सात," हेर क्लाम म्हणाले. "फ्राउ ल्युडर्स, बिटे, बोला."

काका उठायला लागले. "मी आधी एक..."

"अर्जदार आधी," फ्राउ ल्युडर्स म्हणाल्या. त्यांनी पर्समधून निळी वही काढली, चष्मा लावला, उभ्या राहिल्या आणि कोर्टात वाचावं तसं एका सुरात वाचायला लागल्या.

"सोमवार. सोळा वाजून चार ते सोळा चाळीस. आवाज. मंगळवार. सोळा दोन ते सोळा पस्तीस. आवाज. तोच."

अशी दोन पानं. काका टेबलाकडे बघत होते. मग फ्राउ ल्युडर्सनी बरीच पानं एकदम उलटली.

"बुधवार. सोळा पाच. पहिला भाग चांगला. दुसऱ्या भागात एक सूर लवकर येतो. शुक्रवार. सोळा चार. सूर पुन्हा लवकर. शनिवार. नवं वाद्य, आवाज जास्त गोड. सूर तसाच."

हेर क्लामनी पेन खाली ठेवलं.

"गुरुवार. सोळा बावीस. दुसरा भाग." त्या क्षणभर थांबल्या. "बरोबर. उद्गारचिन्ह."

काकांनी मान वर केली. आधी फ्राउ ल्युडर्सकडे बघितलं, मग उटेकाकूंकडे. काकू शंकरपाळ्यांच्या डब्यात बघत होत्या.

"सोमवार. सोळा चार. आवाज दबलेला. माझे कान बिघडले असावेत. मंगळवार. दबलेला. डॉक्टरांची वेळ घेतली. गुरुवार. डॉक्टर म्हणतात, कान उत्तम. शुक्रवार. कचरा टाकायला गेले असता केलरच्या खिडकीतून पाहिलं. वाद्याच्या पोटात तान्ह्या बाळाचं पांघरूण."

पान उलटलं.

"सोमवार. सोळा चार. निश्ट्स. मंगळवार. सोळा चार. निश्ट्स. बुधवार. सोळा चार. निश्ट्स."

निश्ट्स, म्हणजे काहीच नाही. त्या वाचत राहिल्या. तीन आठवड्यांचे सगळे दिवस, एकही न गाळता. पन्हाळीवर भांडलेली सगळी माणसं अगदी चिडीचूप बसली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी शंकरपाळा तिखट लागल्यासारखं पुसलं.

"फ्राउ ल्युडर्स," शेवटी हेर क्लाम घसा साफ करत म्हणाले, "मला मिनिट्समध्ये ठरावाचं वाक्य लागेल. नेमकी मागणी काय? कशावर मत घ्यायचं?"

फ्राउ ल्युडर्सनी वही मिटली, चष्मा काढला.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "कापड काढायचं."

"कुठलं कापड?"

उटेकाकूंनी केव्हाच दोन्ही हात वर केले होते.

"फ्राउ कुंटे," हेर क्लाम म्हणाले, "एका फ्लॅटला एकच मत."